‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ आपल्या गळ्यांत कसं बसवावं

पानं तपकिरी पडलीत, आभाळ करडं आहे, एक माणूस थंडीत एकटाच चालत निघालाय. वाटेत चर्च लागतं, तो आत शिरतो, गुडघे टेकतो आणि प्रार्थना करत असल्याचं सोंग घेतो. पूर्ण गाण्यात ऊन असं कुठेच पडत नाही. कॅलिफोर्नियात ते आहे, एवढंच त्याला आठवतं. स्वरसुद्धा मायनरचे, म्हणजे आपल्या कानाला कोमल ग, कोमल ध, कोमल नी. तरीही द मामाज अँड द पापाज या चौकडीचं हे १९६५ सालचं गाणं ‘सनशाइन पॉप’मध्ये मोजलं जातं. साठच्या दशकाच्या मध्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात फुललेल्या, भरगच्च सामूहिक गायनाच्या त्या गोड गाण्यांचं हे नाव.

यात ऊन आहे ते गळ्यांत आहे. चार आवाज एकमेकांवर रचले की त्यातून जी ऊब येते, तीच या गाण्याची सगळी किमया. गाणं बसवताना आमचा गट सुरुवातीला इथेच चुकला. शब्द उदास म्हणून आम्ही ते उदास गायलो, आणि दोन कडव्यांत सगळे कंटाळलो. नंतर शब्दांना त्यांच्या जागी सोडलं, आवाजांत उजेड आणला आणि गाणं उभं राहिलं. चार ते पाच जणांचा गट, एक गिटार आणि चार-पाच रविवार हाताशी असतील, तर पुढे लिहिलंय त्या वाटेने तुम्हीही ते उभं करू शकाल.

गाणं आलं कुठून

१९६३ सालचा न्यूयॉर्कमधला हिवाळा. पुढे या चौकडीत गायलेले जॉन फिलिप्स आणि मिशेल फिलिप्स यांचं नुकतंच लग्न झालेलं. मिशेल कॅलिफोर्नियाची मुलगी, त्या थंडीत तिला घरची ओढ लागलेली. जॉनला रात्री गाणं सुचलं, त्याने तिला झोपेतून उठवलं आणि दोघांनी मिळून ते लिहिलं. चर्चचं कडवं मिशेलच्या अनुभवातून आलं. जॉनला ते फारसं पसंत नव्हतं, पण ते राहिलं. राहिलं हे बरंच झालं, कारण नुसत्या हवापाण्याच्या गाण्याला माणूस मिळतो तो त्या कडव्यात.

ही हकीकत सांगायचं कारण गायनाशी जोडलेलं आहे. गाणारा कॅलिफोर्नियात बसून उन्हाचं कौतुक करत नाहीये. तो हजारो मैल लांब आहे. मुंबईहून दिल्लीच्या जानेवारीत किंवा शिकागोच्या फेब्रुवारीत जाऊन राहिलेल्या कुणालाही ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही. गटात असा कोणी असेल तर मुख्य आवाज त्याला किंवा तिला द्या.

आधी ऐका, आणि याच क्रमाने ऐका

हे गाणं इतक्या जणांनी ध्वनिमुद्रित केलंय की नुसतं ‘ऐकून घेऊ’ म्हटलं तर महिना जाईल. म्हणून मोजक्या आवृत्त्या घ्या आणि प्रत्येकीकडे एकच प्रश्न घेऊन जा: इथे ऊन कोण देतंय?

सुरुवात बॅरी मॅग्वायरपासून करा. १९६५ मध्ये त्याचं एक निषेधगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. त्याच्या पुढच्या अल्बमसाठी हे गाणं मुद्रित होत होतं आणि या चौकडीला मागे साथीला उभं केलं होतं. निर्माता लू अ‍ॅडलरने साथ ऐकली आणि गाणं चौकडीच्या नावाने काढायचं ठरवलं. बाकीची वाद्यं तीच ठेवली, मागचे आवाज तेच ठेवले, मॅग्वायरचा मुख्य आवाज पुसून तिथे चौकडीतल्या डेनी डोहर्टीचा आवाज भरला आणि मधला तुकडा बासरीवर नव्याने घेतला. मॅग्वायरची आवृत्तीही त्याच्या अल्बमवर आली, म्हणून आज दोन्ही समोर ठेवता येतात. इतकी स्वच्छ तुलना फार कमी गाण्यांना लाभते, कारण मधला तुकडा सोडला तर सगळं तेच आहे आणि बदललाय तो एक गळा. मॅग्वायर खरखरीत, भरदार, रस्त्यावर चालून आलेला वाटतो. डोहर्टी गुळगुळीत आणि थोडा अलगद.

आता चौकडीची स्टीरिओ आवृत्ती हेडफोन लावून ऐका आणि सुरुवातीला डाव्या कानाकडे लक्ष द्या. मॅग्वायरचा आवाज पूर्ण पुसला गेला नव्हता, त्याचा पुसटसा अवशेष तिथे सापडतो. मला तो पहिल्यांदा ऐकू आला त्या दिवशी मी गाणं सलग नऊ-दहा वेळा लावलं असेल.

तिसऱ्या खेपेला फक्त वाद्यं ऐका. ड्रम्सवर हॅल ब्लेन, बेसवर जो ऑस्बोर्न, कीबोर्डवर लॅरी नेक्टेल. हॉलिवूडच्या स्टुडिओंमधली ही कसलेली मंडळी, त्या काळातल्या असंख्य गाण्यांमागे यांचेच हात आहेत. गिटारची सुरुवात पी. एफ. स्लोनची. मधला बासरीचा तुकडा बड शँक या जाझ वादकाचा, आणि तो नेहमीच्या बासरीवर नसून आल्टो फ्लूटवर आहे. नेहमीच्या पाश्चात्त्य बासरीपेक्षा ती चार स्वर खाली बोलते, म्हणून त्या तुकड्याला घशातून आल्यासारखा दाटपणा आहे.

मूळ गाणं झालं की मग बाकीचे. वेस मॉन्टगोमेरीने १९६६ मध्ये ते गिटारवर जाझ वाद्यवृंदासह वाजवलं, त्यात गळा नाहीच. तिथे ऊन ऑक्टेव्हमधून येतं. तो एकच स्वर दोन सप्तकांत एकदम छेडतो आणि सूर रुंद होतो. होसे फेलिसियानोची १९६८ ची आवृत्ती मुख्यतः नायलॉनच्या तारांची गिटार आणि एकच आवाज यांवर उभी आहे, संथ आणि घरगुती. मागून उत्तर देणारे आवाज नसल्यामुळे गाणारा खरोखर एकटा वाटतो. त्याच वर्षी बॉबी वॉमॅकने ते सोल ढंगात गायलं. तो शब्द ओढतो, तोडतो, मध्येच विनवतो. चर्चचं कडवं ऐकावं तर त्याचं, कारण या माणसाचं गाणं लहानपणी चर्चमध्येच घडलेलं आहे. एडी हेझेलने १९७७ मध्ये याची सहा मिनिटांहून मोठी फंक आवृत्ती केली, तिचा मुख्य आवाज इलेक्ट्रिक गिटारच आहे.

बीच बॉइजची १९८६ ची आवृत्ती मुद्दाम ऐका. सामूहिक गायनात हे मूळ चौकडीच्या तोडीस तोड. शिवाय रॉजर मॅग्विनची बारा तारांची गिटार आहे आणि बासरीच्या जागी सॅक्सोफोन. तरी मला ती आवृत्ती कोरडी वाटते. ड्रम्स ऐंशीच्या दशकातल्या रिवाजानुसार फार मोठे ठेवलेत, त्यामुळे गळ्यांमधली ऊब मागे राहते. २०१५ च्या दोन आवृत्त्याही कानांखालून घाला. डायना क्रॉलने गाणं पियानोच्या अंगाने अगदी संथ केलं, तर सियाने ते एका भूकंपपटासाठी गायलं आणि त्यात वैराण सन्नाटा आणला. दोघींनीही मायनरला मायनरच राहू दिलं. गाण्याला तेही सोसतं, हे कळण्यासाठी त्या ऐकायच्या.

इतकं ऐकायला दोन संध्याकाळी पुरतात. सगळ्यांनी एकत्र बसून ऐका आणि प्रत्येकाने आपल्या वहीत एकच ओळ लिहा: मला यातलं काय हवंय. पुढचे वाद बरेच कमी होतात.

पट्टी ठरवणं

मूळ ध्वनिमुद्रण सी शार्प मायनरमध्ये आहे. आपल्या हार्मोनिअमच्या भाषेत काळी एक. आपल्याकडच्या बहुतेक पुरुष गायकांची घरची पट्टी तीच, त्यामुळे मुख्य आवाज पुरुषाचा असेल तर काही हलवायची गरज नाही. गिटारवर चौथ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि ए मायनरचे आकार धरा. हात सोपे राहतात आणि सूर काळी एकचा निघतो.

मुख्य आवाज बाईचा असेल तर आधी काळी चार करून बघा. कॅपो चौथ्याच फ्रेटवर ठेवा, पण आकार ई मायनरचे धरा. मग खाली दिलेल्या क्रमात ए मायनरच्या जागी ई मायनर, जीच्या जागी डी, एफच्या जागी सी, सीच्या जागी जी आणि ई सेव्हनच्या जागी बी सेव्हन येतो. पट्टी ठरवताना मुख्य गायिकेला फक्त पहिली ओळ गायला लावून निर्णय घेऊ नका. हार्मनीतला, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाणाऱ्या आवाजांतला, सगळ्यात वरचा आवाज कुठे जातो ते तपासा. आम्ही मुख्य आवाजाच्या सोयीने पट्टी धरली आणि वरच्या आवाजाची मुलगी तिसऱ्या तालमीत घसा धरून बसली. ती चूक आमची होती, तिची नव्हती.

तानपुरा लावून ठेवायची सवय असेल तर ती इथे फक्त गळा तापवण्यापुरती ठेवा. गाण्यात कॉर्ड सतत हलतात. अखंड सा-प चालू ठेवला तर जी मेजरवर तो खटकेल, आणि ई सेव्हनवर तर शुद्ध नी आणि सा यांची उघड टक्कर होईल.

कॉर्ड आणि ठेका

पहिल्या ओळीचा क्रम असा: ए मायनर, जी, एफ, जी, मग ई सेव्हन सस फोर आणि ई सेव्हन. पहिले चार कॉर्ड दोन-दोन मात्रांचे, शेवटचे दोन चार-चार मात्रांचे. बेरीज सोळा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. टाळीवर मोजून बघा, कॉर्ड कुठे बदलायचा ते चटकन हाताला लागतं.

ए मायनरचा मूळ स्वर सा धरला तर खालचे मूळ स्वर उतरतात ते असे: सा, कोमल नी, कोमल ध, पुन्हा कोमल नीवर एक पाऊल, आणि मग पंचमावर मुक्काम. वरून खाली येणारा हा जिना जगभरच्या संगीतात सापडतो, स्पेनच्या फ्लेमेन्कोत तर पदोपदी. पण इथली खरी गंमत मुक्कामावर आहे. ई सेव्हन सस फोरमध्ये सा अडकवून ठेवलेला असतो, आणि ई सेव्हनवर तो सा शुद्ध नीवर उतरतो. पूर्ण ओळ कोमल नीत फिरत असताना अचानक शुद्ध नी येतो तेव्हा खिडकीची फट उघडल्यासारखं होतं. गिटारवर हे एका बोटाचं काम आहे. ई सेव्हन धरा आणि तिसऱ्या तारेवरचं बोट पहिल्या फ्रेटवरून दुसऱ्यावर सरकवा, तो सस फोर. परत मागे आणलं की सुटका. घाईत हे बोट टाळणारे गिटारवादक मी पाहिलेत. ते टाळलं तर गाण्याचा श्वासच जातो.

दुसरी ओळ एफवर सुरू होऊन सी, ई सेव्हन, ए मायनर, एफ असं वळसा घेत पुन्हा त्याच सस फोरवर आणि ई सेव्हनवर येते. तिसरी आणि चौथी ओळ पहिलीसारखीच. कडवी दोन, मध्ये बासरी, मग पहिलं कडवं पुन्हा, थोडं लांबवलेलं, आणि शेवटी अखेरच्या ओळीची आवर्तनं. एवढीच बांधणी. सगळं पावणेतीन मिनिटांच्या आत आटोपतं.

लय मिनिटाला ११० च्या आसपास ठेवा. मेट्रोनोम वापरा, निदान पहिल्या दोन तालमींना. गटात तबला किंवा कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) असेल तर कहरव्याची चाल चालेल, पण ‘धा गे ना ती’चा झुलता डौल फार येऊ देऊ नका. या गाण्याचा ठेका सरळ चालतो, थंडीत माणूस पाय उचलून चालतो तसा. तबलजीला नुसतं म्हणा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हलकी थाप ठेव, बाकीचं मोकळं सोड.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना पहिल्यांदा चकवते. शब्द समेवर सुरू होत नाहीत. पहिल्या ओळीतले चार शब्द समेआधी निघतात आणि पाचवा समेवर पडतो. बंदिशीचा मुखडा घेऊन समेवर यायची सवय असलेल्यांना हे लवकर जमतं. ज्यांना जमत नाही त्यांनी आधी शब्द न गाता फक्त टाळीवर म्हणावेत.

उत्तर देणारे आवाज

आता मुख्य कामाकडे. वेळेचा निम्मा वाटा इथे घाला.

गाण्यातला प्रत्येक तुकडा मुख्य आवाज आधी म्हणतो आणि बाकीचे मागोमाग त्याचं उत्तर देतात. कधी तेच शब्द, कधी थोडे वेगळे. कीर्तनात बुवांनी चरण टाकावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो उचलावा, ही चाल आपल्या कानात आहेच. फरक इतकाच की टाळकरी बहुधा बुवांच्याच सुरात उचलतात. इथे उचलणारे तीन वेगवेगळ्या सुरांत असतात आणि त्या तिघांचं मिळून एक उत्तर होतं.

सरावासाठी तीन आवाजांची एक चौकट देतो. ही मूळ ध्वनिमुद्रणाची नक्कल नाही. हार्मनी कधी न गायलेल्या मराठी गळ्यांना पाय रोवायला जागा मिळावी म्हणून आम्ही ती सरगममध्ये बांधली.

खालचा आवाज पहिल्या चार कॉर्डवर सा, कोमल नी, कोमल ध, कोमल नी असा चालतो आणि शेवटच्या दोन कॉर्डवर खालच्या पंचमावर थांबतो.

मधला आवाज कोमल ग, रे, सा, रे असा येतो, सस फोरवर सा धरतो आणि ई सेव्हनवर शुद्ध नीवर उतरतो.

वरचा आवाज पंचम, मध्यम, कोमल ग, मध्यम आणि मग रे धरून ठेवतो.

तिन्ही ओळी एकाच दिशेने खालीवर होतात, म्हणून पाठ करायला सोप्या आहेत. शेवटच्या दोन कॉर्डवर खालचा आणि वरचा आवाज जागचे हलत नाहीत आणि मधला एकटा सावरून शुद्ध नीवर येतो. तो क्षण मधल्या आवाजाचा आहे. तिथे कान पक्का असलेला माणूस हवा, आवाज लहान असला तरी चालेल.

बसवण्याची रीत अशी ठेवा. प्रत्येक आवाज आधी हार्मोनिअमवर एकेक ओळ वाजवून ‘आ’कारात पाठ करून घ्या, शब्द नकोत. मग दोन-दोन आवाजांच्या जोड्या करा: खालचा आणि मधला, मधला आणि वरचा, खालचा आणि वरचा. जोड्या पक्क्या झाल्याशिवाय तिघांना एकत्र उभं करू नका. तिघं एकदम गायले की कमजोर गळा शेजारच्याचा सूर पकडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. शेजारचा खेचतोय असं वाटलं तर एक कान हाताने झाका, स्वतःचा सूर लगेच ऐकू येतो.

शास्त्रीय किंवा भावगीत शिकलेल्यांना इथे काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. मुख्य आवाजाने एखादी हलकी मींड घेतली तर शोभेल, वॉमॅक तर त्याहून बरंच काही करतो. पण उत्तर देणाऱ्या तिघांनी एकही हरकत, एकही मुरकी घ्यायची नाही. सूर सरळ उभा लावायचा, आंदोलन नको. तीन सरळ सूर एकमेकांना भिडले की खोलीत चौथा सूर घुमल्यासारखा वाटतो, तो एकदा ऐकू आला की गट आपोआप शिस्तीत येतो. आमच्याकडे तो तिसऱ्या रविवारी, जिन्यातल्या घुमणाऱ्या जागेत उभं राहिल्यावर आला. त्यामुळे तालमीची एक फेरी जिन्यात किंवा रिकाम्या वर्गात जरूर करा.

तोंडाचा आकारही सगळ्यांचा एक हवा. ओळीच्या शेवटी येणाऱ्या ‘डे’ आणि ‘ग्रे’ या शब्दांचा इंग्रजी उच्चार शेवटाला ‘इ’कडे झुकतो. एकाने तो आधी झुकवला आणि दुसऱ्याने उशिरा, तर सूर जुळूनही आवाज फाटलेला वाटतो. पूर्ण लांबी ‘ए’वर धरा आणि ‘इ’ अगदी शेवटच्या क्षणी, तोही सगळ्यांनी एकदम. शब्द सोडायचा तेव्हा कुणाच्या तरी हाताच्या खुणेवर सोडा. एकत्र सुरू करणं सगळ्यांना जमतं, एकत्र थांबणं शिकावं लागतं.

बासरीची जागा

पाश्चात्त्य आल्टो फ्लूट आपल्या गटात कुणाकडे असण्याची शक्यता कमीच. पण बासरी असू शकते, आणि इथे एक फार सोयीची गोष्ट दडलेली आहे. मैफिलीत सर्रास वाजणारी पांढरी तीनची बासरी घ्या. काळी एकच्या मायनरचे सातही स्वर या बासरीवर शुद्ध स्वरच होतात. बासरीचा शुद्ध धैवत म्हणजे तुमच्या गाण्याचा सा. त्यामुळे अर्धी भोकं दाबत कोमल स्वर काढायची कसरत उरत नाही. गाण्याचा तो खिडकी उघडणारा शुद्ध नी तेवढा बासरीचा कोमल धैवत होतो, बस्स. आपली ही बासरी आल्टो फ्लूटसारखीच खालच्या सप्तकात दाट बोलते, म्हणून जोड विजोड वाटत नाही.

बासरीवाल्याला मूळ तुकडा जसाच्या तसा उतरवायला लावू नका. शँक जाझमधला माणूस, त्याने तिथे उपजच केली आहे. आपल्या वादकानेही कॉर्ड ऐकून उपजच करावी, फक्त सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर चढावं. रागाच्या आठवणीने पकड घेऊ नये. आसावरीची किंवा दरबारीची एखादी ओळखीची जागा आली की ऐकणारा कॅलिफोर्निया विसरतो. बासरी नसेल तर शिट्टी, मेलोडिका किंवा वेस मॉन्टगोमेरीच्या वाटेने गिटारवर ऑक्टेव्ह, काहीही चालेल. काहीच नसेल तर तेवढी सोळा-बत्तीस मात्रांची जागा मागच्या आवाजांना ‘ऊ’कारात द्या.

आपलं काय

इथवर आलात की गाणं बसलेलं असतं, पण ते मामाज अँड पापाजचं असतं. आता वह्या उघडा आणि सुरुवातीला लिहिलेली ओळ वाचा.

एकाच गोष्टीला हात लावा, फार तर दोन. फेलिसियानोने लय आणि गर्दी दोन्ही काढली, मॉन्टगोमेरीने शब्द काढले, हेझेलने लांबी वाढवली. एकेकाने एकेक खांब हलवला आणि बाकीचे उभे ठेवले. सगळं एकदम बदललं तर तुम्ही काय बदललंत ते ऐकणाऱ्याला कळतच नाही.

आम्ही पहिलं कडवं फेलिसियानोसारखं एका आवाजात, नुसत्या गिटारवर ठेवलं. उत्तरं नाहीत, ठेका नाही. दुसऱ्या कडव्यात, चर्चचं दार उघडतं तिथे, मागचे तिघं पहिल्यांदा येतात. माणूस थंडीतून आत येतो आणि त्याला आतली ऊब लागते, ती ऐकणाऱ्यालाही लागावी हा हेतू. त्याच कडव्यात तो खोटी प्रार्थना करतो, म्हणून तिथे आवाज फार भाविक होऊ देऊ नका. तिसऱ्यांदा पहिलं कडवं परत येतं तेव्हा सगळे असतात. शब्द पहिल्यासारखेच, पण आता त्यांच्यामागे घोळका आहे, त्यामुळे तीच थंडी वेगळी ऐकू येते. तुमच्या गटात वॉमॅकच्या जातीचा गळा असेल तर याच्या अगदी उलट करा. त्याला शेवटच्या आवर्तनांत मोकळं सोडा आणि बाकीच्यांनी खाली सरळ सूर धरून ठेवा.

मराठीत शब्द लिहून गायचा मोह अनेकांना होतो, मलाही झाला. घरात गा, पण बाहेर काढू नका. शब्द आणि चाल दोन्हींवर हक्क शाबूत आहेत. भारतीय कायद्याप्रमाणे ते शेवटच्या लेखकाच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं टिकतात. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावलं, किंवा ध्वनिमुद्रण विकायचं वा प्रसारित करायचं ठरवलं, तर रीतसर परवाना घ्या. भाषांतराला तर हक्कदाराची संमती लागतेच. याच कारणाने मी या लेखात गाण्याची एकही ओळ दिलेली नाही. शब्द अधिकृत ठिकाणाहून घ्या, आणि सगळ्यांनी एकच प्रत वापरा, कारण इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींत एखाद्या शब्दाचा फरक हमखास असतो आणि तो नेमका हार्मनीत उघडा पडतो.

मुद्रण

मूळ चौकडी आपल्या आवाजांवर पुन्हा आपलेच आवाज चढवायची, म्हणून चौघं गात असूनही आठ जण असल्यासारखं वाटतं. हे फोनवरही करता येतं. अनेक ट्रॅकचं कोणतंही साधं अ‍ॅप घ्या. आधी गिटार आणि मेट्रोनोम, मग मुख्य आवाज, मग तिघं उत्तर देणारे एका फोनभोवती अर्धवर्तुळात. मोठ्या आवाजाच्या माणसाने दोन पावलं मागे सरकायचं, आवाजाची बटणं नंतर फिरवण्यापेक्षा हे बरं. झालं की हेडफोन लावून त्याच तिघांनी तेच पुन्हा गायचं, नव्या ट्रॅकवर. या खेपेला जागा बदला: खालचा आवाज डाव्या टोकाला होता तर आता उजव्या टोकाला.

दुसरा थर पहिल्याशी तंतोतंत जुळवायचा प्रयत्न करू नका. केसभर पुढेमागे झालेल्या त्या दोन थरांतूनच ती लव येते, चार माणसांना आठ करणारी. फक्त ओळीचा शेवट मात्र एकत्र सुटला पाहिजे. दोन्ही थर एकत्र लावा, पहिल्या ओळीच्या शेवटी सस फोरवर थांबा आणि मधला आवाज सा सोडून शुद्ध नीवर येतो तिथे कान लावा. तिथे ऊब जाणवली तर पुढच्या ओळीकडे वळा. नाही जाणवली तर बाकी काही न छेडता तेवढाच एक स्वर पुन्हा गाऊन घ्या.